ही म्हणते की

मंगळवार, ११ मे

हिची स्वतःची, इथली भाषा गेली आहे आणि मराठी राहिली आहे. आज सकाळच्या तपासणीनंतर मेंदूच्या डॉक्टरांनी हे नक्की म्हणून सांगितलं.

मी कधी रोजनिशी लिहिलेली नाही. पण दिवसभर इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे केल्यावर डोक्यात काही जागेवर राहत नाही, म्हणून लिहायला बसलो.

घडलं ते असं. गेल्या गुरुवारी दुकानात ही एका कोटाचं अस्तर उसवत होती. हातातली कात्री पडली आणि तिच्यामागोमाग ही. शेजारच्या मशीनवर सासूबाई होत्या. मायलेकींचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दोघींची मशीनं खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि मी कधीही गेलो तरी त्यांचं बोलणं चालूच असतं. सासूबाईंनी आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, मग मला कळवलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात लुळा पडला, पाय थोडक्यात वाचला, आणि वाचा गेली असं सगळे धरून चालले.

वाचा गेली नव्हती. परिचारिकांनी तक्त्यावर लिहून ठेवलं होतं, ‘असंबद्ध आवाज काढते.’ शनिवारी मला आत सोडलं तेव्हा तो असंबद्ध आवाज मी ऐकला. ही परिचारिकेला म्हणत होती, "अगं बाई, उशी सरळ कर की जरा, मान आखडली मेली." मी उशी सरळ केली. परिचारिका भूत बघितल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मीही बहुधा तसाच दिसत असणार.

आज डॉक्टरांनी चित्रं दाखवली. खुर्ची, कंगवा, किल्ली, छत्री. हिच्या भाषेत विचारलं की ही ओठ हलवायची, घामाघूम व्हायची, आणि शब्द नाही. मग मी मराठीत विचारलं, हे काय? "फणी." आणि हे? "किल्ली. मी काय आंधळी आहे?" शेवटचं वाक्य काय होतं ते डॉक्टरांनी मुद्दाम विचारून घेतलं आणि हसून लिहिलं.

ते म्हणाले, असं क्वचित होतं, पण होतं. मोठेपणी शिकलेली भाषा तगते आणि आईच्या मांडीवर शिकलेली जाते. हिला स्वतःच्या भाषेतलं छोटं, सावकाश बोललेलं थोडं कळतं; लांब बोलणं अंगावरून पाणी जावं तसं वाहून जातं. पुढे काय होईल हे आत्ताच कोणी सांगू शकत नाही.

सासूबाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, मग ती माझ्याशी कशात बोलणार? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

मी मान हलवली. लिहू नये, तरी लिहितो: भीतीच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. सगळं टाकून ही माझ्याकडेच आली.

बुधवार, १२ मे

खरं म्हणजे हिचं मराठी माझं नाही, माझ्या आईचं आहे. घरात ते कानाआड व्हायचं. दवाखान्याच्या पांढऱ्या खोलीत ऐकलं की चमकायला होतं, जणू आईच पडदा सरकवून आत आली.

आई शेवटची काही वर्षं आमच्याकडे राहिली. इथली भाषा तिने शिकली नाही. म्हणायची, या वयात नवी चप्पल चावते. मग सूनच तिच्याकडून मराठी शिकली, संध्याकाळी भांडी घासता घासता. दुकानातूनसुद्धा दुपारी घरी फोन करायची, नवा शब्द विचारायच्या निमित्ताने. दोघी स्वयंपाकघरात खुसखुसत असायच्या आणि मी गेलो की गप्प व्हायच्या. काय चाललंय विचारलं तर आई म्हणायची, बायकांचं आहे, तू पेपर वाच. त्यामुळे ही बोलते ते माझ्या पिढीतलं मराठी नाहीच. मेलं, गं बाई, कार्टी, जळ्ळं लक्षण. नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचं हेही आईनेच शिकवलं होतं. ते हिने राखून ठेवलं. एरवी अरे-तुरे चालतं. ‘अहो’ आलं की समजायचं, आज भांडी आपटणार.

आज दुभाषेपणाचा पहिला पूर्ण दिवस. सासूबाई रडत होत्या. ही म्हणाली, "हिला सांग, रडू नको म्हणावं. तोंडाचा भोपळा झालाय." मी सांगितलं, ही म्हणते की काळजी करू नका. त्यांच्याकडे आईशी असं बोलत नाहीत. पाण्याचा पेला पुढे केला तरी एकमेकांचे आभार मानणारी माणसं ती.

मग सासूबाईंनी हिचा डावा हात हातात घेतला आणि बराच वेळ खालच्या आवाजात बोलत राहिल्या. दुकानाबद्दल, मशीनबद्दल, माझ्या आईच्या फोनबद्दल काहीतरी, हिच्या हसण्याबद्दल काहीतरी. मला सगळं कळलं, पण एवढं सगळं आजारी माणसाच्या अंगावर कसं ओतायचं? मी म्हटलं, "लवकर बरी हो म्हणतायत."

"एवढं बोलली आणि एवढंच?"

मी म्हटलं, तुमची भाषाच लांबट आहे. ही हसली. अजून अर्धंच तोंड हसतं.

दुपारी हिने फिजिओथेरपिस्टची नक्कल केली. तो दारातून आला की आधी त्याचं पोट येतं आणि मग तो, असं काहीसं. मी ते सासूबाईंना सांगितलं आणि त्या डोळे पुसता पुसता हसल्या. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. लग्नापासून मी हिच्या माहेरच्या जेवणाच्या टेबलावर विनोद संपल्यावर हसत आलो आहे. सगळ्यांचं हसून झालं की मागाहून एकटा मी. आज सासूबाई माझ्यानंतर हसल्या. मी सांगितल्यावर.

शुक्रवार, १४ मे

आज मुंगी आली. मुंगी म्हणजे आमची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आईने ठेवलेलं नाव. आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे, शाळेचं शेवटचं वर्ष. तिला मराठी कळतं, पण ती बोलत नाही. मी मराठीत विचारायचं आणि तिने आईच्या भाषेत उत्तर द्यायचं, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलं. आधी मी ओरडलो, मग आमिषं दाखवली, मग सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

ही तिला बघून म्हणाली, "मुंगे, केस विंचर गं. झिपरी दिसतेस." मुंगी हसली आणि सवयीप्रमाणे आपल्या भाषेत घडाघडा उत्तर देऊन मोकळी झाली. हिने तिच्याकडे बघितलं. आपल्याच मुलीकडे कोणी असं बघू नये. बसमधल्या अनोळखी माणसाने काही विचारलं तर आपण बघतो, तसं.

मुंगीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती पुन्हा बोलली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि जाताना आईच्या पायावरचं पांघरूण नीट करून गेली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, बघ, सांगत नव्हतो? आता तरी शिक. तिने उत्तर दिलं नाही. सतरा-अठराव्या वर्षी कोणतीच मुलं उत्तर देत नाहीत, हेही खरं.

सोमवार, १७ मे

आज अर्धा दिवस कामावर जाऊन आलो. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. मालकांनी सांगून ठेवलंय की लागेल तेवढी रजा घे, पण आज एक जुने गृहस्थ मीच पाहिजे म्हणून अडून बसले होते. भिंग बदलून बदलून त्यांना विचारत होतो, आता बरं दिसतं की मघाशी? प्रत्येक वेळी ते म्हणायचे, मघाशी. माझ्या हिशेबाने आताचं भिंग बरोबर होतं. पण ते म्हणाले तोच नंबर मी लिहिला. डोळे त्यांचे आहेत. आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नसतं, हे मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो.

दुपारी स्पीच थेरपिस्ट बाई भेटल्या. चेहऱ्याने शांत, बोलायला स्पष्ट. त्यांचं म्हणणं असं: पहिले काही आठवडे सगळ्यांत मोलाचे असतात. मेंदू या काळात जे काम घ्याल त्याला वळतो. पण दोन्ही भाषांवर एकदम जोर दिला तर ही दमेल आणि गोंधळेल. आधी एकच निवडायची. हिच्या भाषेवर काम करायचं तर बाई स्वतः रोज करतील. ते अगदी पाटीवरच्या पहिल्या अक्षरापासून सुरू होईल आणि यश येईलच असं नाही. मराठीवर करायचं तर बाईंना मराठी येत नाही, या शहरात ते येणारा थेरपिस्ट त्यांच्या माहितीत नाही, म्हणून प्रत्येक बैठकीला मला बसावं लागेल. त्या सांगतील, मी बोलेन.

सासूबाई लगेच म्हणाल्या, तिची भाषा. आमची भाषा. मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

मी माझं मत मांडलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आहे ते आधी भक्कम करावं, मग पुढचं पुढे. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, निवड तुम्हा दोघांपैकी कोणाचीच नाही. गुरुवारी पेशंटलाच विचारू.

घरी येताना मी मालकांना फोन करून मोठी रजा मिळेल का विचारलं. ठरायच्या आधीच विचारून ठेवलेलं बरं.

मंगळवार, १८ मे

सासूबाईंनी आज एक पँट आणली, खालची दुमड घालायची. हिच्या डाव्या हातात कापडाचा काठ दिला आणि स्वतः सुईने धावदोरा घालत बसल्या. ही काठ ताणून धरायची, त्या टाका घ्यायच्या. एक शब्द नाही. मला तिथे काही काम नव्हतं, म्हणून खाली जाऊन चहा पिऊन आलो. परत आलो तरी त्यांची दुमड चालूच होती.

पाय अगदी तसेच हलत होते दोघींचे, मशीनवर असल्यासारखे. हिचा उजवा थोडा मागे राहत होता.

मी म्हटलं, काही सांगायचंय का सासूबाईंना? ही म्हणाली, "नको. चाललंय आमचं."

गुरुवार, २० मे

मुंगी मराठीत बोलली.

आधी तेच लिहितो, कारण अजून कानात तेच आहे. उच्चार अगदी स्वच्छ. मला वाटायचं, बोलली तरी तिची जीभ अडखळेल, इथल्या मुलांचे होतात तसे तिचे ‘ण’ आणि ‘ळ’ बोथट येतील. तसं काही नाही. आवाजाची चढउतार थेट माझ्या आईची. वाक्य एका दमात आलं, जणू तोंडात केव्हाचं तयार होतं. इतकी वर्षं हे तिच्याकडे होतं आणि तिने मला एकदाही दिलं नाही.

वाक्य असं होतं: "बाबा, आई असं नाही म्हणाली."

आता बाकीचं.

खोलीत थेरपिस्ट बाई होत्या, सासूबाई होत्या, मी होतो, मुंगी खिडकीच्या कट्ट्यावर होती. बाईंनी मला बजावलं की प्रश्न जसाच्या तसा विचारा आणि उत्तर जसंच्या तसं सांगा. प्रश्न मी जसाच्या तसा विचारला, यात शंका नाही. आधी कोणत्या भाषेवर काम करायचं?

ही आईकडे बघत राहिली. मग सावकाश, मध्ये थांबत म्हणाली, "मराठी आहे ना. तुझ्याशी भांडायला पुरते तेवढी. मला माझ्या आईशी बोलायचंय. तिच्याशी बोलल्याशिवाय माझं मशीन चालत नाही. तिची भाषा आधी."

मी बाईंना सांगितलं, ही म्हणते की मराठी आहे, तर आधी तीच पक्की करू या.

कसं निघालं तोंडातून ते मला सांगता येत नाही. मला वाटतं मी विचार असा केला की दमलेल्या माणसाचं बोलणं धरून बसायचं नसतं. हिला खरं काय हवंय ते मला कळतं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नाही कळणार तर कोणाला? आणि ‘मराठी आहे’ असं ही म्हणाली होतीच. ते तर मी सांगितलंच.

बाईंनी लिहायला पेन उचललं. सासूबाईंनी मान खाली घातली आणि पर्सचा खटका लावू लागल्या. तो लागत नव्हता.

तेव्हा मुंगी बोलली. आणि माझ्याकडून काही उत्तर यायच्या आत तिने तोंड आजीकडे वळवलं आणि त्यांच्या भाषेत आई काय म्हणाली ते सांगितलं. सगळं. मशीनचंसुद्धा. भांडायला पुरते, हेसुद्धा.

कोणी ओरडलं नाही. आमच्याकडे असतं तर चार माणसं एकदम बोलली असती, एखादं दार आपटलं असतं, आणि ते बरं झालं असतं. इथे बाईंनी पेन खाली ठेवलं. सासूबाईंच्या पर्सचा खटका लागला तो मला इकडून ऐकू आला.

हिला त्यांचं भराभर बोलणं समजलं नसावं, पण चेहरे वाचायला भाषा लागत नाही. "काय झालं?" ही म्हणाली. "काय सांगितलंस तू?"

मी म्हटलं, काही नाही, थोडा गोंधळ झाला.

ही मुंगीकडे वळली. मुंगीने मराठीतच सांगितलं, शब्द शोधत, पण सांगितलं.

मग ही माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो."

पुढे काही नाही. आपटायला भांडी नव्हती.

शुक्रवार, २१ मे

सासूबाई सकाळी जिन्याजवळ उभ्या होत्या. मला वाटलं आता बोलतील, मी तयारी करून आलो होतो. एकच प्रश्न विचारला त्यांनी. आणखी काय काय सांगितलं नाहीस?

तो प्रश्न घेऊन मी दिवसभर फिरतोय. भोपळा सांगितला नाही. ‘मला इथून घरी ने, आई रोज तेच रडगाणं गाते’ हे सांगितलं नाही, पण ते कसं सांगणार? उलट बाजूनेही आहे. दुकानाला कुलूप आहे हे हिला सांगितलं नाही. काज करायला आता सासूबाईंची नजर साथ देत नाही, हे त्या म्हणाल्या होत्या, तेही नाही. आणि गेल्या आठवड्यातलं बुधवारचं ते लांबलचक बोलणं. माझ्या मते मी दोघींचं भलंच बघत होतो. कोणाला लागेल असं मी काही इकडचं तिकडे जाऊ दिलं नाही. दुभाष्याने याहून वेगळं काय करायचं असतं?

मुंगी माझ्याशी बोलते, पण तिच्या भाषेत. मराठी तिने आईसाठी ठेवलं आहे.

थेरपिस्ट बाईंनी हिची निवड लिहून घेतली आहे. मंगळवारपासून सुरुवात. मालकांना फोन करून सांगितलं की मोठी रजा नको.

रविवार, २३ मे

आज मुंगीने आजीला त्या बुधवारचं बोलणं पुन्हा बोलायला लावलं. आजी पहिल्यांदा नको म्हणाली. मग पर्स बाजूला ठेवली आणि एकेक वाक्य बोलून थांबू लागली, आणि मुंगी आईला सांगू लागली. मी दाराजवळच्या खुर्चीवर होतो. मला कोणी जा म्हटलं नाही.

"आजी म्हणते की तू दुकानातून घरी फोन करायचीस. मोठ्या आजीला. आणि हसायचीस." मोठी आजी म्हणजे माझी आई. मुंगी अडली. "आजी तेव्हा तिचं मशीन... आई, पाय काढून घेतला की मशीन काय होतं?"

"थांबतं."

"थांबवायची. ऐकायला. तिला कळायचं काहीच नाही. तिला राग यायचा की तू तिच्याशी बोलताना कधी तशी हसत नाहीस. पण थांबवायची रोज. तू फोन ठेवलास की पुन्हा चालू करायची, कोणाला कळू नये म्हणून. आणि आता ती म्हणते की..." मुंगीने आजीकडे बघितलं, आजीने मान हलवली. "आता तू त्याच भाषेत अडकलीस, तर तिला वाटतं की तिची नजर लागली."

‘नजर लागली’ हे मुंगीला कुठून आलं? सासूबाईंनी वापरलेला शब्द वेगळा होता. मी असतो तर ‘माझं काहीतरी चुकलं’ असं केलं असतं. मुंगीचं जास्त बरोबर आहे. माझ्या आईनेच शिकवलं असेल तिला, माझ्या पाठीमागे. सगळंच माझ्या पाठीमागे शिकवलेलं दिसतं.

मी हिच्या तोंडाकडे बघत होतो.

ही म्हणाली, "हिला सांग, मला माहीत होतं. टीप थांबली की कळायचं ना. मग मी आणखी थोडं हसायची. हिने ऐकावं म्हणून."

मुंगीने सांगितलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हिने डावा हात लांब करून त्यांच्या कोपराला धरलं आणि ओढलं, कापड ओढावं तसं.

मला तेव्हा आठवलं की हे सगळं मी बुधवारी ऐकलं होतं. एकूण एक शब्द. आणि म्हटलं होतं, लवकर बरी हो म्हणतायत.

सोमवार, २४ मे

हिच्या भाषेतला पहिला शब्द आज सकाळी आला. सकाळपाळीच्या परिचारिकेने फोन करून कळवलं, आणि मी पोचेपर्यंत डॉक्टरांनीही स्वतः ऐकून खात्री केली होती. शब्द होता ‘खिडकी’. ऊन डोळ्यांवर येत होतं, पडदा ओढायला सांगायचं होतं. पडदा हा शब्द आला नाही, खिडकी आला. परिचारिकेने पडदा ओढला आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला कळलं.

सासूबाई तेवढ्यासाठी तीन मजले जिन्याने चढून आल्या. लिफ्टची वाट बघवली नाही म्हणे. मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी आभार मानले. त्यांच्याकडे मानतात.

मग मी हिच्याजवळ बसलो. ही मान वाकडी करून बसली होती. मी विचारलं, काय हवंय? "ते," ही म्हणाली. "ते दे. मानेखालचं." मी थांबलो. ही शोधत होती. डोळे छताकडे, कपाळावर घाम, अगदी पहिल्या दिवशी स्वतःच्या भाषेतलं शोधत होती तशी. "मानेखालचं मेलं."

मेलं आलं. उशी आला नाही. तोच शब्द, ज्याच्यामुळे त्या पहिल्या शनिवारी मला कळलं होतं की ही आहे.

मी उशी सरळ केली. शब्द मी पुरवला नाही. का ते माहीत नाही. माझी हिंमत झाली नाही असं वाटतं.

डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. ते म्हणाले, असंही होतं. एक वर येते तेव्हा दुसरी बुडते, कधी दिवसादिवसाने पालटतात, कधी पुढे दोन्ही येतात. एका शब्दावरून काही धरू नका. मी म्हटलं, समजा मराठी गेली तर? ते म्हणाले, तर त्या आईशी बोलतील, मुलीशी बोलतील, आणि तुम्हाला तर त्यांची भाषा येते. तुमचं काय अडतं?

मी म्हटलं, हो, माझं काही अडत नाही.

मुंगी संध्याकाळी फोन घेऊन आली आणि आईला म्हणाली, बोल. काय बोलू? काहीही, मोठ्या आजीसारखं बोल. हिने मग शाळेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या, मध्ये शब्द हरवले तिथे ‘ते हे’ म्हणत पुढे गेली, आणि मुंगीने सगळं रेकॉर्ड केलं. एक शिवी माझ्यासाठीही होती. मी दारातून ऐकली. दोघी खुसखुसत होत्या, आणि मी आत आल्यावर थांबल्या नाहीत, तेवढं एक वेगळं.

उद्या दहा वाजता पहिली बैठक. थेरपिस्ट बाई समोर बसतील, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मुंगी, लागली तर मदतीला. बैठकीनंतर डॉक्टर दोन्ही भाषांतली चित्रं पुन्हा दाखवतील. मी कुठे बसू ते हिलाच विचारलं.

"अहो, तुम्ही बाहेर बसा," ही म्हणाली. मग थोडं थांबून, "हाक मारली तर या."

कॉरिडॉरमध्ये दाराला लागून एक बाक आहे. तिथून आतलं ऐकू येतं. हाक कोणत्या भाषेत येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला दोन्ही कळतात. साडेनऊलाच जाऊन बसेन.